मुक्काम, कॅम्प आणि घाट : पुण्याच्या सायकलस्वारांचा एक इतिहास

आजचा विषय वरवर हलका वाटेल. सायकलवर बोचकं बांधायचं, दिवसभर डोंगराळ मुलखातून हिंडायचं, रात्री कुठंतरी पथारी टाकायची आणि दुसऱ्या दिवशी घरी यायचं. यात इतिहास कसला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर द्यायला आपल्याला आज तासभर लागणार आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. पुण्यात कुणी म्हणालं, 'जरा कॅम्पात जाऊन येतो', तर तो तंबू ठोकायला चाललाय असं कुणालाही वाटत नाही. तो बूट नाहीतर बिस्किटं आणायला चाललेला असतो. आता हा कॅम्प कुठून आला? ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि कंपनीच्या फौजेनं शहराच्या पूर्वेला तळ दिला. तो तळ मग उठलाच नाही. तंबूंच्या जागी बराकी आल्या, बराकींच्या भोवती बाजार आला, आणि 'लष्कर' नावाचा पुण्याचा एक भागच तयार झाला. म्हणजे पुणेकराला कॅम्प हा शब्द प्रथम कळला तो दुसऱ्याच्या सत्तेचा तळ म्हणून. हौसेनं रात्र उघड्यावर काढणं हा त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बराच उशिरा आला.

आपला स्वतःचा शब्द आहे 'मुक्काम'. मुळात अरबी, पण मराठीत इतका मुरलेला की आपण प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला 'मु. पो.' लिहितो. गंमत बघा, माणूस पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहतो आणि पत्त्यात लिहितो 'मुक्काम'. आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना याच्यावर दोन तास बोलायचा मोह होतो. तो आज आवरतो. फक्त एवढं लक्षात ठेवू या, की मुक्काम या शब्दात दुसरा माणूस गृहीत आहे. मुक्काम कुणाकडे तरी असतो. कॅम्प स्वतःचा असतो. हा फरक आपल्याला पुढे लागणार आहे.

तर प्रश्न असा. सामान्य माणसानं, काम नसताना, देवाला नवस बोललेला नसताना, केवळ बरं वाटतं म्हणून डोंगरात जाऊन रात्र काढणं, ही गोष्ट शक्य कधी झाली? त्याला चार गोष्टी लागतात. चाक चढू शकेल असा रस्ता, परवडेल असं वाहन, पाठ टेकायला जागा आणि फुरसत. या चारही गोष्टींचा हिशोब आपण एकेक करून मांडू.

पहिली गोष्ट रस्ता. सह्याद्रीत माणसाची ये-जा फार जुनी आहे. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला लेख आहे, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल चढत होता, देशावरून माल उतरत होता. भाजे, बेडसे, कार्ले ही लेणी याच वाटांच्या आजूबाजूला आहेत. भिक्खूंचा वर्षावास तिथे असायचा. त्या काळच्या लेखांत पाण्याच्या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. कुणा व्यापाऱ्यानं, कुणा गृहिणीनं पोढी दान दिली, अशा नोंदी आहेत. डोंगरात परक्या माणसासाठी पाण्याची सोय करणं हे पुण्याचं काम, ही समजूत आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे.

पण या सगळ्या वाटा होत्या. रस्ते नव्हते. वाट पायांची आणि खुरांची असते. लमाणांचे बैल पाठीवर मीठ-धान्य घेऊन घाट चढायचे. बैलगाडी मात्र चढत नसे. चाकाला लागतो तो रस्ता. बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. त्याच घाटातून रेल्वे वर आली १८६३ मध्ये. रेल्वेच्या त्या कामावर १८६१ मध्ये एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर होते. पटकीच्या साथींनी त्यांतली माणसं हजारोंनी नेली. कंत्राट घेणारा सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि ते कंत्राट त्याची बायको अॅलिस हिनं पुरं केलं. तिचं नाव इतिहासात आहे. त्या मजुरांची नावं नाहीत. हे आपण जरा बाजूला ठेवू, परत तिथे यायचंय.

रेल्वेच्या आधीचा प्रवास कसा होता, हे बघायचं तर विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' आहेच. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला, कारण घरात कर्ज होतं आणि उत्तरेत बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी खबर होती. चालत निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. पुस्तक छापलं गेलं ते १९०७ मध्ये. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. हा माणूस रसिक आहे, बघतो, ऐकतो, चाखतो; पण 'मी हिंडायला निघालो' असं म्हणायची त्याला सोय नाही. प्रवासाला कारण लागायचं. यात्रा, चाकरी, लग्नकार्य, दुष्काळ किंवा लढाई.

आता दुसरी गोष्ट, वाहन. दोन सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी सायकल इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीनं १८८५ मध्ये बाजारात आणली. हवेच्या टायरचं पेटंट डनलॉपनं १८८८ मध्ये घेतलं. त्याच्या आधी मोठ्या चाकाची उंच सायकल होती. तसल्या सायकलवरून टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ जगप्रवासाला निघाला आणि १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडनं गेला. सपाटी होती म्हणून जमलं. त्या सायकलवर दिवे घाट उतरायचा म्हटलं असतं तर, असो.

सायकल आणि तंबू यांची गाठ घातली ती टॉमस हिराम होल्डिंग या लंडनच्या शिंप्यानं. शिंपी होता, हे महत्त्वाचं. तोपर्यंतचे तंबू लष्कराचे, जाड कॅनव्हासचे, ते न्यायला खेचरं लागायची. यानं विचार केला, की कापड हलकं घेतलं, बेतून शिवलं, तर अख्खं घर सायकलच्या कॅरियरवर मावेल. आयर्लंडमधल्या अशा एका सफरीवर त्यानं १८९८ मध्ये पुस्तक काढलं आणि १९०१ मध्ये सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना स्थापन केली. म्हणजे कॅम्प हा शब्द सेनापतीच्या हातातून शिंप्याच्या हातात आला. लोकशाहीचा इतिहास लिहिताना आपण घटना आणि निवडणुका लिहितो. हा शिंपीही त्यात कुठंतरी बसायला हवा.

राहिला डोंगर. तिथे फ्रान्समधला पॉल द व्हिव्ही आठवतो. 'व्हेलोसिओ' या टोपणनावानं तो लिहायचा. सेंत-एत्येन या डोंगराळ भागातल्या गावी राहायचा, १८८७ पासून सायकलींवरचं मासिक चालवायचा. त्याचं म्हणणं, एका गिअरच्या सायकलनं डोंगर चढणं हा शरीराचा छळ आहे. बदलते गिअर हवेत. शर्यतवाले त्याला हसायचे. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचा आणि बायकांचा आधार, अशी त्यांची समजूत. 'टूर द फ्रान्स'नं डीरेलर गिअरला परवानगी दिली ती थेट १९३७ मध्ये.

यातलं साधं गणित सांगतो, म्हणजे मुद्दा पटेल. आपली नेहमीची काळी रोडस्टर सायकल घ्या. पायडल एकदा पूर्ण फिरलं, की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. आता वीस मीटरला एक मीटर असा चढ आहे. म्हणजे एका फेरीत तुम्ही पाव मीटरहून थोडं जास्त वर जाता. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरा. नव्वद किलो दर फेरीला वीतभराहून जास्त उंच उचलायचं, असं शेकडो वेळा. गिअर असला आणि एका फेरीत अडीच मीटरच जायचं असलं, तर दर फेरीची मेहनत निम्म्याहून कमी. काम तेवढंच, पण घास लहान. आमच्या पिढीकडे लहान घासाची सोय नव्हती. त्यामुळे घाट आला की खाली उतरायचं आणि ढकलायचं. यात कमीपणा वाटायचा नाही. सगळेच ढकलायचे.

आपल्याकडच्या सायकलस्वारांचं नाव घ्यायचं तर आधी मुंबईच्या पारशी तरुणांना नमस्कार करायला हवा. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा जण मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. मार्च १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले तिघं. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. सुमारे ७१ हजार किलोमीटर. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. आणि मग १९४५ मध्ये सुरू झालेली मुंबई-पुणे शर्यत. त्यात पुण्याला पहिला कोण येतो याची उत्सुकता असायचीच, पण खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या चढात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणायचे. राजा हा किताब आपण सपाटीवर दिला नाही, चढावर दिला. मला हे फार मराठी वाटतं.

पण शर्यत आणि पृथ्वीप्रदक्षिणा ही मोजक्यांची कामं. पुण्यात सायकल होती ती गरजेची. पहाटे आजूबाजूच्या गावांतून दुधाचे कॅन लटकवून येणारे गवळी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळीला जाणारे कामगार, पोस्टमन, कारकून, शाळा-कॉलेजच्या पोरी. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. दिवा नसला, डबलसीट असलात, तर पोलिसाशी गाठ. सायकल नसली तर तासाच्या भाड्यानं मिळायची. सोनीपतला अॅटलसचा कारखाना १९५१ मध्ये निघाला, लुधियान्याला हिरोचा १९५६ मध्ये. त्यानंतर सायकल ही हळूहळू मध्यमवर्गाच्या आणि मग कामगारांच्याही आवाक्यात आली. पुणं 'सायकलींचं शहर' झालं ते पर्यावरणाच्या प्रेमानं नव्हे, खिशाच्या हिशोबानं.

आणि रविवारी तीच सायकल सिंहगडाच्या पायथ्याला जायची. गरजेचं वाहन हौसेला वापरलं जात होतं, वेगळा खर्च काही नव्हता. आमच्या पिढीची सगळी भटकंती या एका सवलतीवर झाली.

आता एक दिवस जरा तपशिलात सांगतो. जानेवारी १९७३. आम्ही पाच जण, विशीच्या आतबाहेरचे. दोघं तत्त्वज्ञानाचे, एक गणिताचा, एक शेतकीचा आणि एक कॉमर्सचा. चार सायकली घरच्या, एक भाड्याची. बेत असा, की हडपसरवरून दिवे घाट चढायचा, सासवडला जेवायचं, नारायणपूरला पुरंदरच्या पायथ्याशी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी गड बघून परत. सामान म्हणजे सोलापुरी चादरी, एक रॉकेलचा स्टोव्ह, पातेलं, तांदूळ, मुगाची डाळ, बटाटे, विजेरी आणि जुन्या बाजारातून आणलेली एक ताडपत्री. तंबू नव्हताच. पंक्चरचं सामान, म्हणजे पाना, सोल्यूशन, पॉलिश पेपर आणि जुन्या ट्यूबचे तुकडे, हे मात्र प्रत्येकाकडे वेगळं. तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

वडकीपर्यंत झकास गेलो. घाट लागला आणि उतरून ढकलायला लागलो. दिवे घाट हा ज्ञानोबांच्या पालखीचा घाट. आषाढात लाखो पाय तो चढतात. सायकल ढकलत चढताना आपणही पायीच असतो; चाकाचा गर्व तिथे आपोआप गळतो. निम्म्यावर थांबून मागे वळलं की खाली मस्तानी तलाव दिसतो. त्या वर्षी त्यात पाणी नावाला होतं.

कारण ते वर्ष दुष्काळाचं होतं. १९७२ चा पावसाळा गेलेला. शहरात आम्हाला त्याची झळ लागली होती ती रेशनच्या रांगेत, लाल मिलोच्या भाकरीत. घाटमाथ्यावर गेल्यावर दुष्काळ दिसला. सासवडच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंना माणसं खडी फोडत बसलेली. बायका जास्त. बाभळीला झोळी बांधून त्यात पोर. ब्रासवर मोजून पैसे, मुकादमाची हजेरी. आम्ही पाच जण बोचकी बांधलेल्या सायकलींवरून त्यांच्या मधून चाललो होतो. एकीनं हातोडा थांबवला आणि विचारलं, "कंच्या कामावर निगालाय रं पोरांनो?"

तिला वाटलं, आम्हीही दुसऱ्या कुठल्या कामावर खडी फोडायला चाललोय. बोचकी, पातेलं, ताडपत्री. दिसत तसंच होतं. आमच्यातल्या शेतकीवाल्यानं सांगितलं, "कामावर नाही मावशी, पुरंदर बघायला चाललोय." ती म्हणाली, "बगा की. गड काय, हायेच तितं." आणि पुन्हा हातोडा सुरू झाला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पुढचे चार मैल आमच्यात कुणी फारसं बोललं नाही.

संध्याकाळी नारायणपूरला पोचलो. तिथलं नारायणेश्वराचं देऊळ यादवकाळातलं, घडीव दगडाचं. पाराशी दोन-तीन म्हातारे बसले होते. विचारपूस सुरू झाली. कुठले? पुण्याचे. कशाला आलात? गड बघायला. एक बाबा म्हणाले, "देवळात झोपा की, थंडी हाय. पाणी तेवढं जपून वापरा." आणि मग ओघानं, "कुणाकुणाची पोरं म्हणायची?" एकेक जण आडनाव सांगत गेला. आमच्यातला एक मित्र आपलं आडनाव सांगायच्या आधी क्षणभर थांबला. तो म्हणाला, "आम्ही शाळेच्या व्हरांड्यात झोपतो बाबा. पहाटे लवकर निघायचंय." बाबा म्हणाले, "तुमची मर्जी." त्यांनी त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही आणि त्यानंही ते दिलं नाही. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. रात्री त्याच बाबांच्या घरून पिठलं आणि पाण्याची एक कळशी आली. दुष्काळात पाण्याची कळशी.

मंडळी, या एका दिवसात आजच्या विषयाचे सगळे धागे आहेत म्हणून तो सांगितला. आता ते सोडवून बघू.

तिसरी गोष्ट आपण म्हटली होती, पाठ टेकायला जागा. आपल्या परंपरेत ती जागा मुबलक आहे. लेणी, धर्मशाळा, देऊळ, चावडी, कुणाचीही ओसरी. आणि ती फुकट आहे. युरोपात हौशी प्रवाशासाठी स्वस्त वसतिगृहाची कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये सुचली. आपल्याकडे शाळेच्या व्हरांड्यात झोपायला कुणाला कल्पना सुचावी लागली नाही. पण ओसरीला एक प्रश्न चिकटलेला असतो, 'कुणाचे?' पुण्यात पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या लोकांना १९२९ मध्ये सत्याग्रह करावा लागला होता. देवळात पाय ठेवता येत नव्हता, तिथे मुक्काम कुठला? कायदा बदलला, पण आडनाव सांगताना होणारा तो क्षणभराचा थांबा १९७३ मध्ये शिल्लक होता. आज तो गेला आहे का, हे ज्याला थांबावं लागतं त्यानं सांगायचं.

तंबू 'कुणाचे' असं विचारत नाही. होल्डिंगच्या तंबूचं हे मोठेपण आहे. चार खुंट्या ठोकल्या की तुम्ही कुणाचे पाहुणे नाही, कुणाचे मिंधे नाही. म्हणून तंबूला मी केवळ साहेबी चूष म्हणणार नाही. पण तंबूकडून पिठलंही येत नाही. ओसरी जातही विचारते आणि कळशीही पाठवते, त्याच घरातून, त्याच रात्री. आपल्या समाजाचं वर्णन करताना यांतलं एकच सांगणारा माणूस निम्मं सांगतो. आम्हाला हवा होता तो असा मुक्काम, जिथे कळशी येईल आणि प्रश्न येणार नाही. तो व्हरांडा शाळेचा होता, सगळ्यांच्या पैशानं बांधलेला, म्हणून तिथे थोडाफार तसा मुक्काम मिळाला. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ आम्हाला पुस्तकांपेक्षा त्या फरशीवर जास्त कळला.

चौथी गोष्ट फुरसत. ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्खोले' म्हणतात. त्यातूनच स्कूल हा शब्द आला. अॅरिस्टॉटल म्हणतो, माणूस काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. विचार, संगीत, मैत्री या गोष्टी फुरसतीत होतात. हे आम्ही वर्गात शिकलो होतो आणि पुढे तीसेक वर्षं शिकवलं. पण अॅरिस्टॉटलच्या अथेन्समध्ये नागरिकांची फुरसत गुलामांच्या कष्टांवर उभी होती, आणि गुलामगिरी त्याला निसर्गाला धरून वाटत होती. ज्या रस्त्यावरून आम्ही हौसेनं चाललो होतो, तो रस्ता त्या मावशी पोटासाठी फोडत होत्या. बोरघाटातले मजूर आणि सासवडच्या अलीकडच्या बायका यांच्यामध्ये शंभरावर वर्षं आहेत, पण घाट त्यांनीच चढण्याजोगा केला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आज आपण ज्या ग्रामीण रस्त्यांवरून गाड्या पळवतो, त्यांतले कित्येक त्या हातांचे आहेत.

मग काय, हिंडणं सोडायचं? असं काही तरुण त्या वेळीही म्हणत. आमच्यातच परतीच्या वाटेवर त्यावर मोठा वाद झाला. एकाचं म्हणणं, अशा वर्षी गड बघायला जाणं हीच चैन. दुसऱ्याचं म्हणणं, आलो नसतो तर हे दिसलंही नसतं. पुण्यात बसून मिलोला नावं ठेवत राहिलो असतो. आज इतक्या वर्षांनी आम्हाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात, पण निष्कर्ष तिसरा निघतो. फुरसत वाईट नाही. ती थोड्यांची असणं वाईट. त्या मावशींनाही एखाद्या दिवशी काम नसताना, पोटाची काळजी नसताना पुरंदर चढून बघता आला पाहिजे, हे राजकारणाचं उद्दिष्ट असू शकतं. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्रानं रोजगार हमी कायदा केला, १९७७ मध्ये. मागेल त्याला काम. देशानं २००५ मध्ये तसा कायदा केला. कामाचा हक्क लिहिला गेला. फुरसतीच्या हक्काबद्दल आपण अजून नीट बोलायला सुरुवातही केलेली नाही.

शेवटी आजच्याबद्दल थोडं. १९७२ मध्ये पुण्यातच लुना तयार झाली. त्याच सुमाराला चेतक आली. पायडल मारणं हळूहळू गरिबीचं लक्षण ठरलं. शहर पसरलं, अंतरं वाढली आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेला, मग कडेच्याही बाहेर गेला. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्यातलं प्रत्यक्षात किती उतरलं हे तुम्ही रोज रस्त्यावर बघता. दुसऱ्या बाजूनं, रविवारी पहाटे कात्रज, दिवे घाट, मुळशीकडे हेल्मेट घातलेले सायकलस्वार मोठ्या संख्येनं दिसतात. गिअर आहेत, तंबू हलके आहेत, व्हेलोसिओ आणि होल्डिंग दोघंही खूश होतील. आम्हालाही आनंद होतो. ही मंडळी शहरातली दमलेली माणसं आहेत, त्यांना हे हवंच.

फक्त एक फरक ध्यानात घ्या. आमच्या वेळी जी सायकल कामाची, तीच हौसेची होती. आज हौसेची सायकल गाडीच्या टपावर बांधून घाटाच्या पायथ्याशी येते, आणि कामाची सायकल, म्हणजे वॉचमनची, बांधकामावरच्या मजुराची, रात्री दिव्याशिवाय महामार्गाच्या कडेनं जीव मुठीत धरून जाते. दोघांना एकमेकांशी बोलायला जागा उरलेली नाही. दोघांनाही हवी असलेली गोष्ट मात्र एकच आहे, सुरक्षित कडेची एक पट्टी. हौशी मंडळींचं म्हणणं पालिकेत ऐकलं जातं. त्यांनी ती पट्टी मागताना आधी वॉचमनच्या रस्त्यावर मागावी, मग घाटात. असं झालं तर हौसेनं गरजेचं थोडं ऋण फेडलं असं म्हणता येईल.

आणि मुक्कामाचं. डोंगरात आता पैसे मोजून तंबूत राहायची सोय ठिकठिकाणी झाली आहे. त्यातून गावातल्या पोरांना काम मिळतं, ते चांगलंच आहे. पण शाळेचा व्हरांडा, देवळाजवळची धर्मशाळा, टाक्यातलं पिण्याजोगं पाणी, या फुकटच्या आणि सगळ्यांच्या गोष्टी त्या नादात जाऊ देऊ नका. हिंडायला जाल तेव्हा गावातल्या माणसाशी पाच मिनिटं बोला, तिथलं पाणी जपून वापरा आणि आडनाव विचारू नका. कुणी तुम्हाला विचारलं, तर नुसतं नाव सांगून बघा काय होतं ते.

आज एवढंच. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी मघापासून हात वर केलाय, बोला.